विश्लेषण : दिव्यांग हक्कांच्या लढ्यात सामान्य नागरिक नेमके काय करू शकतात?

मुंबईच्या पदपथांवर वाहने चढू नयेत म्हणून जागोजागी खांब रोवण्यात आले. त्याने वाहने किती थांबली हा वेगळा प्रश्न, पण चाकाच्या खुर्चीवरून फिरणाऱ्यांची वाट मात्र बंद झाली. कारण अनेक ठिकाणी दोन खांबांमध्ये खुर्ची जाईल एवढे अंतरच नव्हते. २०२३ मध्ये चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका मुंबईकराने ही अडचण थेट मुंबई उच्च न्यायालयाला ईमेलने कळवली. न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली, त्याची जनहित याचिका झाली आणि महापालिकेला उत्तर द्यावे लागले. दरवर्षी ३ डिसेंबरला, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनी, गावोगावी सत्कार आणि साहित्यवाटप होते. त्यापलीकडे जाऊन हक्कांच्या बाजूने काही करायचे असेल, तर दिव्यांग व्यक्ती, त्यांचे कुटुंबीय आणि इतर नागरिक यांच्यापुढे कोणते मार्ग आहेत, याचा हा आढावा.

कायदा आहे, मग लढा कशासाठी?

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. त्याला अनुसरून संसदेने ‘दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६’ मंजूर केला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात ते २१ झाले. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के, तर उच्च शिक्षणाच्या सरकारी आणि अनुदानित संस्थांत पाच टक्के आरक्षण आले. सार्वजनिक ठिकाणी दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणे हा सहा महिने ते पाच वर्षे कैदेचा गुन्हा ठरला.

अंमलबजावणीचे चित्र मात्र वेगळे आहे. लोकांचा वावर असलेल्या जुन्या इमारती, मग त्या सरकारी असोत की खासगी, नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. हे नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्ये संपली. आपल्या जवळचे तहसील कार्यालय, बँक, दवाखाना किंवा नाट्यगृह डोळ्यांसमोर आणले, की ती किती पाळली गेली ते कळते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती आहेत. कायद्यातील हक्क आणि या लोकांचा रोजचा अनुभव यांत जे अंतर आहे, ते कमी करणे हेच या चळवळीचे काम आहे.

संघटित दबावाने आजवर काय साधले?

१९९५ चा कायदाही आपसूक आला नव्हता. १९ डिसेंबर १९९५ रोजी दिव्यांग कार्यकर्ते दिल्लीत रस्त्यावर उतरले आणि अवघ्या तीन दिवसांत, २२ डिसेंबरला, संसदेने विधेयक मंजूर केले. स्वतः चाकाची खुर्ची वापरणारे जावेद आबिदी त्या काळातील या चळवळीचे प्रमुख नेते होते. १९९१ च्या जनगणनेत अपंगत्वाबद्दल प्रश्नच नव्हता. संघटनांनी पाठपुरावा केला आणि २००१ मध्ये तो प्रश्नावलीत आला. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत कार्यकर्त्यांच्या पत्राची सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली आणि मतदान केंद्रांवर उतार म्हणजेच रॅम्प करण्याचे आदेश निघाले.

कधी कधी आहे ते टिकवण्यासाठीही लढावे लागते. जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, केंद्राने या कायद्यातील काही गुन्हे तडजोडपात्र करण्याचा प्रस्ताव आणला आणि हरकतींसाठी जेमतेम काही दिवसांची मुदत दिली. देशभरातील संघटनांनी ईमेल, ऑनलाइन बैठका आणि संयुक्त निवेदने यांच्या जोरावर विरोध केला. थोड्याच दिवसांत प्रस्ताव मागे घेतला गेला. घराबाहेर पडता येत नसतानाही हे घडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग अस्तित्वात आला. त्यामागेही संघटना आणि लोकप्रतिनिधी यांची अनेक वर्षांची मागणी होती. २०२५ मध्ये मानधनवाढीसाठी आंदोलने झाली. त्यानंतर संजय गांधी निराधार योजनेसारख्या योजनांतील दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक साहाय्य १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्यात आले. मागणी त्याहून मोठी होती, पण आंदोलनाशिवाय एवढेही झाले असते का, हा प्रश्न उरतोच.

न्यायालयाच्या अलीकडच्या निकालांचा उपयोग काय?

अर्ज-निवेदनांत ज्यांचा आधार घेता येईल, असे किमान तीन निकाल कार्यकर्त्यांना माहीत असावेत. पहिला, फेब्रुवारी २०२१ चा विकास कुमार प्रकरणातील. चाळीस टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व असलेल्या उमेदवारालाही गरज असेल तर लेखनिक नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. आरक्षणासाठी चाळीस टक्क्यांची अट आहे. वाजवी सोयीसाठी ती लावता येत नाही, हा या निकालाचा गाभा.

दुसरा, ८ नोव्हेंबर २०२४ चा राजीव रतुडी प्रकरणातील. सुगम्यतेचे निकष कायद्याने बंधनकारक केले असताना सरकारच्या नियमांनी ते निव्वळ मार्गदर्शक करून ठेवले होते. तो नियम न्यायालयाने कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक निकष ठरवण्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. ही याचिका २००५ मधली होती. एका दृष्टिहीन याचिकाकर्त्याला या टप्प्यापर्यंत यायला १९ वर्षे लागली, यावरून या लढ्याचा वेगही कळतो.

तिसरा, ३० एप्रिल २०२५ चा. बँक खाते किंवा सिमकार्डसाठी मोबाइलवर ओळख पटवताना डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या महिला आणि दृष्टिहीन व्यक्ती यांना ते शक्य नव्हते. डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि ओळख पडताळणीची पद्धत बदलण्यासाठी २० निर्देश दिले.

सुरुवात कुठून करायची?

पहिली पायरी म्हणजे ऐकणे. ‘आमच्याबाबत काहीही, आमच्याशिवाय नाही’ हे जगभरातील दिव्यांग चळवळीचे सूत्र आहे. त्यामुळे स्वतःची नवी संस्था काढण्याआधी आपल्या तालुक्यात, जिल्ह्यात दिव्यांगांनी स्वतः चालवलेली संघटना आहे का, हे पाहावे. तिच्या बैठकीला जावे, तिचे आधीचे अर्ज आणि प्रलंबित मागण्या समजून घ्याव्यात. महाराष्ट्रात याची परंपरा आहे. नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात उभे केलेले ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’चे काम हे स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या व्यक्तीने केलेल्या नेतृत्वाचे ठळक उदाहरण.

शब्दांचेही भान हवे. सरकारी कागदपत्रांत ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला असला, तरी अनेक कार्यकर्त्यांना तो पटत नाही. आमच्यात काही दिव्य नाही, आम्हाला हक्क हवेत, असे त्यांचे म्हणणे. काही संघटनांच्या नावात आजही ‘अपंग’ आहे. समोरच्या व्यक्तीला कोणता शब्द चालतो हे तिलाच विचारणे सर्वांत सोपे.

संघटनेला लागणारी मदत बहुतेक वेळा साधी असते. बैठकीचे इतिवृत्त लिहिणे, निवेदन टंकलिखित करणे, गाडीची सोय करणे, कार्यालयात पोहोच घेऊन येणे, पत्रकारांना कळवणे अशी ही कामे आहेत. कर्णबधिर सभासद असतील तर सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची व्यवस्था हवी. ती नसेल तर ते सभेत असूनही नसल्यासारखेच असतात.

परिसराची पाहणी कशी करावी?

‘इमारतीत सोय नाही’ एवढ्या एका वाक्याच्या तक्रारीवर ‘कार्यवाही सुरू आहे’ असे उत्तर येते. मोजमाप दिले की तसे उत्तर देणे अवघड जाते. म्हणून एक कार्यालय किंवा एक रस्ता निवडावा. चाकाची खुर्ची वापरणारी, पांढरी काठी वापरणारी आणि कमी ऐकू येणारी व्यक्ती सोबत घ्यावी आणि फाटकापासून खिडकीपर्यंत त्यांच्याबरोबर चालावे. मोजपट्टी आणि मोबाइल एवढे साहित्य पुरते.

काही निकष लक्षात ठेवायला सोपे आहेत. रॅम्पचा चढ १ : १२ पेक्षा तीव्र नसावा. म्हणजे एक फूट उंचीसाठी किमान १२ फूट लांबी. अनेक ठिकाणी जागा वाचवायला इतका उभा रॅम्प बांधलेला असतो, की खुर्ची ढकलणाराही घसरतो. दरवाजाची मोकळी रुंदी साधारण ९०० मिलिमीटर असावी. लिफ्टमध्ये ब्रेल बटणे आणि मजला सांगणारा आवाज आहे का, स्वच्छतागृहाला कुलूप तर नाही ना, टोकन पुकारताना आकडा फलकावरही दिसतो का, हे टिपावे. दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहात झाडू-बादल्या ठेवलेल्या असतील तर तेही छायाचित्रासह नोंदवावे.

नव्या इमारतींबाबत कायदा अधिक कडक आहे. आराखडा सुगम्यतेच्या नियमांनुसार नसेल तर बांधकाम परवानगी देता येत नाही आणि प्रत्यक्ष बांधकाम तसे नसेल तर पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. म्हणून गावात नवे बसस्थानक, वाचनालय किंवा पंचायत भवन बांधले जात असेल, तर पाया घातला जात असतानाच आराखडा पाहायला मागावा. उद्घाटनानंतर तोडफोड करण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

पाच टक्के निधीचा हिशेब कसा मागायचा?

राज्य सरकारच्या आदेशांनुसार ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते. पूर्वी हे प्रमाण तीन टक्के होते. अनेक गावांत हा निधी आहे हेच लाभार्थ्यांना ठाऊक नसते. कुठे तो पडून राहतो, कुठे मार्चअखेरीस घाईघाईने भांडी किंवा ब्लँकेट वाटून संपवला जातो. कोणाला श्रवणयंत्र हवे असते, कोणाला घरात शौचालय, तर कोणाला दुकानासाठी भांडवल. पण त्यांना कुणी विचारलेले नसते.

याला सर्वांत सोपा उपाय ग्रामसभा. वर्षभरात होणाऱ्या ग्रामसभांपैकी एकीत तीन प्रश्न लेखी मांडावेत. गेल्या तीन वर्षांत पंचायतीचे स्वउत्पन्न किती, त्याचे पाच टक्के किती आणि ते कशावर खर्च झाले? गावातील दिव्यांग व्यक्तींची अद्ययावत यादी वाचून दाखवावी, अशीही मागणी करावी. प्रश्न आणि उत्तर इतिवृत्तात लिहिले गेले की नाही, हे पाहिल्याशिवाय सभेतून उठू नये. मुख्य म्हणजे सभा पहिल्या मजल्यावर असेल तर ती तळमजल्यावर घ्यायला लावणे, हीच पहिली मागणी असायला हवी.

उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकार आहे. अर्जाचे शुल्क दहा रुपये, विषय एकच आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार मजकूर १५० शब्दांच्या आत. माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. न मिळाल्यास पहिले अपील करता येते. ‘निधीचे काय झाले’ असे मोघम विचारण्यापेक्षा वर्ष, लेखाशीर्ष, खर्चाची देयके आणि लाभार्थ्यांची संख्या मागावी. लाभार्थ्यांचे आजार किंवा प्रमाणपत्रे मात्र मागू नयेत. ती त्यांची खासगी माहिती आहे.

तक्रार कुठे करावी?

कायद्याने पायऱ्या घालून दिल्या आहेत. प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्याने तक्रारींची नोंदवही ठेवायची आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. अनेक कार्यालयांत हा अधिकारी कोण, हे तिथल्या कर्मचाऱ्यांनाही सांगता येत नाही. त्यामुळे ‘आपल्या कार्यालयातील तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव कळवा’ हा पहिला अर्जही उपयोगी ठरतो.

त्यावरची पायरी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांची. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. चौकशीसाठी साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे असे दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार त्यांना आहेत. मात्र त्यांचे म्हणणे शिफारशीच्या स्वरूपात असते. संबंधित विभागाने तीन महिन्यांत काय कारवाई केली ते कळवायचे असते आणि शिफारस मान्य नसेल तर कारण द्यायचे असते. पाठपुरावा नसेल तर ही शिफारस फायलीत पडून राहते. म्हणून तीन महिने पूर्ण होण्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

मारहाण, छळ किंवा शोषणाचा प्रकार असेल तर कार्यकारी दंडाधिकारी आणि पोलिसांकडे जाता येते, आणि ती माहिती कोणीही देऊ शकते. पीडित व्यक्तीनेच यावे असे बंधन नाही. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

नोकरीच्या ठिकाणी, शाळेत आणि सोसायटीत काय करता येईल?

चळवळ म्हणजे केवळ मोर्चा नव्हे. प्रत्येक आस्थापनेने, खासगी कंपनीनेसुद्धा, समान संधी धोरण जाहीर करायचे असते. आपल्या कंपनीचे असे धोरण आहे का, हे मनुष्यबळ विभागाला विचारायला दिव्यांग असावे लागत नाही. शाळेच्या व्यवस्थापन समितीतील पालक सहा ते अठरा वर्षांच्या दिव्यांग मुलांच्या मोफत शिक्षणाचा मुद्दा मांडू शकतात. ‘आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही’ म्हणून प्रवेश नाकारला गेला, तर ते नाकारणे लेखी मागावे. पुढच्या तक्रारीचा तोच पुरावा असतो.

गृहनिर्माण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत रॅम्पचा विषय आला, की ‘एका माणसासाठी एवढा खर्च कशाला’ असा सूर हमखास लागतो. त्या रॅम्पचा उपयोग गुडघे दुखणाऱ्या आजीला, बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईला आणि सिलिंडर आणणाऱ्यालाही होतो. हे सभेत उठून शेजाऱ्याने सांगितले, तर त्या एका कुटुंबावरचे ओझे हलके होते. अशा वेळी सगळे गप्प बसले, तर ते कुटुंब पुन्हा विषय काढत नाही.

मोबाइलवरून काय करता येईल?

मार्च २०२१ मध्ये केंद्राने आणलेल्या ‘सुगम्य भारत’ ॲपवर असुगम इमारतीचे किंवा स्थानकाचे छायाचित्र टाकून तक्रार नोंदवता येते. दिव्यांग ओळखपत्राचा, म्हणजे यूडीआयडीचा अर्ज आता ऑनलाइनच करावा लागतो. वृद्ध आई-वडील, शेतमजूर, एकट्या राहणाऱ्या व्यक्ती यांची गाडी इथेच अडते. फॉर्म भरताना आधारवरील नाव आणि वैद्यकीय कागदांवरील नाव सारखे आहे का, हे पाहून दिले तरी एक खेप वाचते. बनावट प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनंतर पडताळणी कडक झाली आहे. त्याचा फटका खऱ्या दिव्यांगांना बसू नये, हाही सध्याचा महत्त्वाचा मुद्दा आहे.

आपण समाजमाध्यमांवर टाकतो त्या छायाचित्राखाली दोन ओळींचे वर्णन आणि चित्रफितीला मथळे दिले, तर दृष्टिहीन आणि कर्णबधिर वाचकांपर्यंत ते पोहोचते. परीक्षांसाठी लेखनिक होणे, पुस्तके ध्वनिमुद्रित करणे या कामांनाही मोल आहे. मात्र लेखनिक मिळवून देणे ही परीक्षा घेणाऱ्यांचीही जबाबदारी आहे, हे विचारत राहणे म्हणजे हक्कांचे काम.

चांगल्या हेतूने होणाऱ्या चुका कोणत्या?

पहिली चूक, दिव्यांगांच्या वतीने परस्पर बोलणे. अधिकाऱ्यासमोर बसल्यावर तो सोबत आलेल्याशीच बोलतो. तेव्हा ‘त्यांनाच विचारा’ एवढेच म्हणावे. दुसरी, न विचारता छायाचित्रे काढून ‘प्रेरणादायी’ म्हणून पसरवणे. तिसरी, केवळ चाकाची खुर्ची आणि पांढरी काठी एवढ्यावरच थांबणे. कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता, मानसिक आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन यांचाही समावेश आहे. यांतले बरेच अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणून त्यावर संशय घेतला जातो. चौथी, एका पक्षाच्या किंवा नेत्याच्या दावणीला संघटना बांधणे. नेता बदलला की मागणी मागे पडते. आणि दिव्यांग महिलांना बैठकीत खुर्ची मिळते, पण बोलायला वेळ मिळत नाही, ही तक्रारही जुनी आहे.

पुढे काय?

दोन संधी जवळ आहेत. पहिली जनगणनेची. लोकसंख्येची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये नियोजित आहे. २०११ मध्ये अपंगत्वाचे आठच पर्याय होते, कायदा आता २१ प्रकार मानतो. प्रश्न कसे विचारले जातात, प्रगणकाला ते कळतात का आणि घरातील माणसे संकोचाने माहिती लपवतात का, यावर पुढील अनेक वर्षांचा निधी आणि योजना ठरतील. आपल्या वस्तीतील घरांत आधी जाऊन ‘लपवू नका’ असे सांगणे, हे कोणत्याही मोर्चाइतकेच महत्त्वाचे काम आहे.

दुसरी संधी स्थानिक स्वराज्य संस्थांतील प्रतिनिधित्वाची. तमिळनाडूने २०२५ मध्ये कायदे दुरुस्त करून नगरपालिका आणि पंचायतींत दिव्यांग व्यक्तींना नामनिर्देशनाने सदस्यत्व देण्याची तरतूद केली. महाराष्ट्रातील संघटना ही मागणी किती जोरकसपणे मांडतात, त्यावर इथला निर्णय अवलंबून राहील. पंचायतीच्या टेबलावर दिव्यांग सदस्य बसलेला असेल, तर पाच टक्के निधीचा हिशेब मागायला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागणार नाही. आणि त्या सदस्याला बैठकीला येता यावे म्हणून रॅम्पही आधी बांधावा लागेल.